टर्निंग पॉइंट तयार मिळतील

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर घरी बसून नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा बरं, म्हणून मी वाघोलीतल्या एका क्लासमध्ये इंटरव्ह्यूचं इंग्रजी शिकवायला जाऊ लागले. मंडईपासून तिथं पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस एखादी नवी भाषा शिकेल. पण बसमध्ये सगळे मोबाइलमध्ये मान घालून बसलेले.

क्लासच्या संचालकांची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा होती. कंपनीवाले काही विचारोत न विचारोत, आयुष्यातला टर्निंग पॉइंट विचारणारच. तेव्हा तो प्रत्येक मुलाकडे हवा. नसेल तर क्लास पुरवेल. मुलं बिचारी दहावी, बारावी, इंजिनिअरिंग अशी नाकासमोर चालत आलेली. त्यांच्या आयुष्यात वळण कुठून येणार? मग संचालक त्यांचे आजोबा मारत. आजोबा मरताना नातवाचा हात धरून म्हणत, कोडिंग शीक. एकदा आमच्या तीन मुलांनी एकाच कंपनीत, एकाच दिवशी हेच आजोबा मारले. समोरच्या बाईंनी तिसऱ्याला शांतपणे विचारलं म्हणे, आजोबांना एकूण नातवंडं किती? त्यानंतर संचालकांनी आजोबा बंद केले आणि वडिलांचे अपघात सुरू केले.

माझ्याकडे शब्दांचं खातं. माइलस्टोन म्हणजे मैलाचा दगड. तो वळत नाही, वळवत नाही, अजून किती चालायचंय तेवढं सांगतो. वॉटरशेड म्हणजे डोंगराची धार, जिथून पावसाचं पाणी दोन बाजूंना कायमचं वेगळं होतं. हे मी जीव तोडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाने लिहून आणलं की नवी बाइक घेणं हा त्याच्या आयुष्यातला वॉटरशेड होता. संचालकांनी त्याला शाबासकी दिली. त्यांना स्वतःला गेमचेंजर हा शब्द फार आवडे. क्लासच्या कँटीनमध्ये समोसा सुरू झाला, तोही गेमचेंजर.

त्या बॅचमध्ये यवतमाळकडची एक मुलगी होती. अबोल, पण हुशार. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर पुण्यात राहायचं, नाही तर घरी जाऊन लग्नाला उभं राहायचं, असं घरी ठरलेलं. तिच्या हातात एकच इंटरव्ह्यू उरला होता. संचालकांनी तिलाही वडिलांचा अपघात देऊ केला. वर्गात कधी तोंड न उघडणारी ती मुलगी उभी राहिली.

"माझे बाबा एसटी चालवतात जी. आजवर त्यायच्या गाडीखाली कोंबडंबी आलं नाही. त्यायचाच ॲक्सिडेंट सांगू काय मी?"

संचालक म्हणाले, मग नोकरी विसरा. मला मनापासून आनंद झाला होता, तिच्या उत्तराचा.

इंटरव्ह्यूत तो प्रश्न आलाच. ती इंग्रजीत म्हणाली, माझ्या आयुष्यात अजून तसं काही घडलेलं नाही, घडावं म्हणून इथं आले आहे. इतकं नेटकं वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. समोरचे खूश झाले. कंपनीच्या लेखी परीक्षेतही ती पहिली आली, असं त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून कँटीनमधला तो गेमचेंजर खाल्ला. तेलकट होता.

आठवड्याने मेल आला. ती तो घेऊन माझ्याकडे आली. कंपनी सध्या एका इन्फ्लेक्शन पॉइंटवर उभी आहे, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली तिच्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा. तिने अर्थ विचारला. गणितात वक्ररेषेचा बाक जिथं बदलतो ती जागा, एवढं सांगून मी थांबले. मग म्हणाले, "म्हणजे भरती बंद. नोकरी नाही." असा संताप आला होता मला त्या मेल लिहिणाऱ्याचा. नकार या तीन अक्षरी मराठी शब्दाने भागलं असतं, पण साहेबांना वक्ररेषा काढायची होती.  ती तो मेल पुन्हा वाचत बसली.

दिवाळीच्या तोंडावर तिचे बाबा तिला न्यायला आले. खाकी पँट, धुतलेला पांढरा शर्ट. क्लासच्या दारातच त्यांनी मला नमस्कार केला.

"मॅडम, पोरगी कमी कुठं पडली जी?"

"कुठेच नाही," मी म्हणाले.

"मग?"

मी जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई, त्यांच्यासमोर नुसती उभी राहिले. त्यांनी पोरीची बॅग उचलली.