दोन्ही कर्जदार हयात
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला डोंबिवलीतलं ते दुकान आठवतं. नवरा जाऊन वर्ष झालेलं. बाळकुमला मुलीसोबत घर घ्यायचं, त्यासाठी कर्ज हवं, म्हणून माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जांची नोंद, छापून घेतलेला. आम्हा दोघांच्या जुन्या, कधीच फिटलेल्या कर्जापुढे त्याच्यासोबत माझ्याही नावावर ‘मृत’ अशी नोंद होती. कागद अजून कोमट होता आणि माझे हात गार पडलेले. मुलगी म्हणाली, “आई, घाबरू नकोस. चूक दुरुस्त करून घेणं आपला हक्क आहे. पैसे लागत नाहीत, आणि तीस दिवसांत रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला उत्तर द्यावंच लागतं.” तिने तिथूनच मोबाईलवर तक्रार नोंदवली. महिना संपायच्या आत नवा रिपोर्ट आला. त्याच ओळीत आता लिहिलेलं, दोन्ही कर्जदार हयात. मुलीने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाली, “बाबांचं चुकवलं गं त्यांनी. परत तक्रार टाकू?” मी म्हटलं, “उद्या बघू.” घर झालं, आम्ही राहायलाही आलो. ती तक्रार मी अजून केलेली नाही. वर्षातून एकदा फुकट मिळणारा रिपोर्ट मात्र न चुकता काढते, आणि त्यात नवरा अजून हयात आहे ना, तेवढंच बघते.