आतला पत्रा

उत्तमकाका गाडी आधी बघत नसत, वाजवत. कुणी जुनी गाडी घेऊन आलं की रामराम राहिला बाजूला, ते थेट खाली उकिडवे बसायचे आणि दारांखालच्या आडव्या पोकळ पत्र्यावर टिचक्या मारत पुढून मागपर्यंत सरकायचे. त्या पत्र्याला ते ‘उंबरा’ म्हणत. मग उठून मालकाला सांगायचे, "वरून तं नवरदेव हाय तुही गाडी. आंदरून खलास."

वाशीममध्ये डेंटिंग-पेंटिंगवाले पुष्कळ, पण जुन्या गाड्यांसाठी लोक काकांकडेच येत. माझे बाबा आणि ते तरुणपणापासूनचे दोस्त. बाबांची अँबॅसिडर भाड्यानं चालायची. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरचे पेशंट आणि वऱ्हाडं तिनंच वाहिली. स्टँडवर बाबा छाती फुगवून सांगत, "आपल्या गाडीले उत्तमचा हात लागला हाय."

काका रंगाला फारशी किंमत देत नसत. "रंग कोनीबी मारते, पोरी," ते मला म्हणायचे, "डोया जाते तिथं. डोया जात नाही तिथं पानी बसून राह्यते, अन् तिथून गाडी मरते." रंग वाळला की ते मेण आणि तेल एकत्र गरम करत आणि बारीक नळीच्या पंपानं उंबऱ्यात, दारांच्या पोटात मारत. खालची भोकं मात्र मोकळी ठेवत; त्यांतून पुढचे काही दिवस तेल ठिबकत राही. कुणी काहून विचारलं तर म्हणत, "गाडीलेबी लघवीले जागा लागते नं, बाप्पा!"

बाबा गेल्यावर गाडी अंगणात उभी राहून गंजायला लागली. विकायचं नाव काढलं की आई जेवत नसे. शेवटी मी ड्रायव्हिंग शिकले आणि गाडी काकांच्या स्वाधीन केली. ते म्हणाले, "माह्या दोस्ताची गाडी हाय. तू चिंता कायले करते?" गाडी परत आली ती आरशासारखी. अंगणातल्या फरशीवर तेलाचा एक थेंबही पडला नाही. आई कौतुकानं म्हणाली, "उत्तमभाऊचं काम किती सफाईचं हाय!"

तिसरा पावसाळा संपता संपता आईला घेऊन मी आसेगावला निघाले होते. वाटेत टायर बसलं. जॅक लावून फिरवला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच कर्रकन उंबऱ्यात घुसला. मी वाकून बोट घातलं. आत ओला चिखल आणि हाताला लागताच भुगा होणारा गंज. तेलाचा वासही नव्हता. खालची भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवून वर रंग मारलेला. थेंब पडला नव्हता, कारण आत काही घातलंच नव्हतं. आई शेजारच्या बाभळीखाली बसून पाणी पीत होती. तिला मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकटीच गॅरेजवर गेले. वाटलं होतं, काका नाकबूल होतील, निदान ओशाळतील. ते हातातला ब्रश पुसत शांतपणे म्हणाले, "बाहेरचं गिऱ्हाईक वाकून पाह्यते, बोट घालते, इचारते. त्याचं कराच लागते. तुमी तं घरचे."

"बाबांच्या वेळी तरी करत होता ना?"

"तुह्या बापानं कधी वाकून पाह्यलंच नाही, पोरी," ते म्हणाले. "लई भरोसा होता त्याचा."

असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. गाडीचं सोडा, पत्रा कापून नवा बसवता येतो. पण स्टँडवर ज्याच्या नावानं बाबा छाती फुगवायचे, त्यानं त्यांनाही तसंच फसवलं होतं. ते बिचारे हे न कळताच गेले. "आन गाडी, आता करून देतो," काका मागून म्हणाले. मी वळूनही पाहिलं नाही. पुढे गाडी मी अकोल्याला दुरुस्तीला दिली.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हने उत्तमभाऊ?" मी म्हटलं, "गाडी लई जुनी झाली म्हणे."

दिवाळीला आई अजूनही फराळाचा पहिला डबा उत्तमकाकांचा भरते. म्हणते, "तुह्या बापाचा एवढा एकच दोस्त राह्यला." आणि तो डबा त्यांच्या हातात मलाच नेऊन द्यावा लागतो.