प्रार्थनेत निघालेली गोष्ट

आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण थोडे. बरेचसे शिकायला नागपूरला जातात आणि नाताळला पाहुण्यासारखे येतात. जे भंडाऱ्यातच राहिले त्यांच्यासाठी मी जोड्या लावल्या. एका तरुणासोबत एक वडीलधारं माणूस. आठवड्यातून एकदा भेटायचं, सोबत जेवायचं, प्रार्थना करायची. उपदेश करायचा नाही, असा नियम मी घातला होता. तो फारसा कोणी पाळला नाही, पण जोड्या टिकल्या.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीची जोडी मी बाईंशी लावली. बाई म्हणजे आमच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या मंडळीला त्यांनी बाराखडी शिकवली, त्यात मीही आले. माझ्या लग्नानंतरच्या वाईट वर्षांत रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसणाऱ्याही त्याच. त्यामुळे मुलगी चांगल्या हातात आहे याबद्दल मला शंका नव्हती.

मला माहीत नव्हतं ते असं, की मुलगी परीक्षेत नापास झाली होती आणि तिने कॉलेजला जाणंच सोडलं होतं. सकाळी आईने भरून दिलेला डबा घेऊन ती निघायची आणि बाईंच्या घरी जाऊन बसायची. बाईंनी तिला एकच अट घातली होती: नाताळच्या आत आईला तू स्वतः सांगायचं. तोपर्यंत हे कुठे बोलणार नाही, असा शब्दही दिला होता. आणि तो त्यांनी पाळला. मलासुद्धा सांगितलं नाही.

मग गुरुवारची घरसभा आली. आमच्याकडे ही सभा दर आठवड्याला वेगळ्या घरी असते. गीतं होतात, वचन वाचलं जातं, मग सगळे डोळे मिटतात आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. शेवटी चहा आणि आलूपोहे. त्या दिवशी सभा माझ्या घरी होती. मुलीची आई बाईंच्या शेजारीच सतरंजीवर बसली होती. मुलगी मागे, दाराजवळ.

बाईंनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, विधवांसाठी केली. मग त्या म्हणाल्या, "बापा, या लेकराला परत कॉलेजात जायचं बळ दे. रोज डबा घेऊन माझ्या दारात येते, तिच्या आईला सांगायची हिंमत दे."

महिनाभर ज्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, त्या डोळे मिटल्यावर विसरल्या की खोलीत देवाशिवाय आणखी कोणी आहे. आमेन कोणीच म्हटलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा दाराजवळची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. "बस झालं शिक्षण. नाताळ झाला का पोरगा पाहून टाकतो. सगळ्या मंडळीत इज्जत गेली माही."

"ती काय म्हणते?"

"बोलतच नाही. खोलीत पडून राहते."

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षारस घ्यायला रांग पुढे सरकली, बाई मात्र जागेवर बसून राहिल्या. ज्याचं मन आपण दुखावलं त्याच्याशी आधी समेट, मग भाकर, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. त्यांना असं बसून राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या बाकावर मुलगी आईशेजारी होती. तिनेही पाहिलं.

उपासना संपल्यावर मी बाईंना म्हटलं, "चला. इथे बसून समेट होत नाही."

"तिनं दारातच उभं ठेवलं तर?"

"तर उभ्या राहू."

आम्ही मुलीच्या घरी गेलो तेव्हा ती सुपात नवे तांदूळ घेऊन निवडत होती. तिने मान वर केली नाही. बाई समोर फरशीवरच बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी खुर्ची घेतली नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या.

"तुम्ही देवाले सांगून राहिल्या होत्या, का माह्या मायले?"

"देवालाच. पण माय बाजूला आहे, हे मला भान पाहिजे होतं."

आई चुलीकडून म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुमच्यामुळं कळलं तरी."

"नाही," बाई म्हणाल्या. "तिच्या तोंडून कळायला पाहिजे होतं. ते मी तिच्याकडून हिरावून घेतलं."

मुलीने सूप बाजूला ठेवलं. मग ती बोलली, आईकडे पाहून. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याबद्दल. तिचा हात धरूनच त्याने प्राण सोडला होता. हात सोडवायला दुसऱ्या सिस्टरला बोलवावं लागलं. त्यानंतर पुस्तक उघडलं की तोच हात दिसायचा. हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"मले काहून नाही सांगितलं वं?"

"तू म्हटलं असतं, नर्स व्हाले निघाली न् मढ्याले भेते."

"म्हटलंच असतं," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. लग्नाचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही. पुढेही नाही.

सोमवारी मुलगी कॉलेजला गेली. राहिलेला पेपर तिने दिला; निकाल अजून यायचा आहे. वॉर्डात जाताना अजून छाती धडधडते, असं सांगते. आता घरीही सांगते.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारच्या घरसभेत बाईंना प्रार्थना करायला सांगितलं, तर त्या गप्प. सगळे डोळे मिटून वाट पाहत राहिले. बाईंना प्रार्थना सुचत नाही, असं कधी झालं नव्हतं. मुलगी या वेळी त्यांच्या शेजारी बसली होती.

"करा ना बाई," ती हळूच म्हणाली. "माह्यासाठी करा. आता मायले सगळं माहीत आहे."