खाटेशेजारचा अँटेना

पक्षाघातानंतर ह्यांना किती कळतं, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. "बोलत राहा, आवडीचं काहीतरी ऐकवत राहा," एवढंच ते म्हणाले. बोलून बोलून माझा घसा बसला. हे आपले छताकडे बघत पडलेले. आत माणूस आहे की नाही, एवढंच मला हवं होतं, पण विचारायचं कुणाला?

आवडीचं म्हणजे हॅम रेडिओ, हौशी लोकांचं बिनतारी संभाषण. लायसन्सची परीक्षा, मोर्ससकट, आम्ही दोघांनी दिली होती. पुढे हे रोज संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत मोर्स वाजवत बसायचे आणि मी खालून जेवायला हाका मारायची. त्यांच्या अँटेनाची लांब तार ज्या चिंचेला बांधली होती, ती रस्ता रुंद करताना गेली. उभ्या काठीसारखा अँटेना मिळतो, पण त्याला गच्ची लागते. मला तो खाटेशेजारच्या खिडकीत हवा होता, म्हणून रिंगेचा निवडला. मंचरच्या फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणून सायकलच्या चाकाएवढी गोल वाकवली, टोकांमध्ये कपॅसिटर जोडला आणि खिडकीच्या लाकडी चौकटीला क्लॅम्पनं आवळून टाकली. महाळुंग्यात असलं खूळ घेतलेली बाई मी एकटीच.

रेडिओ लावला तर नुसतं टक, टक, टक. शेजाऱ्यांनी बिबट्याच्या भीतीनं मेंढ्यांभोवती झटका मशीनची विजेची तार लावली आहे, तिचे ते ठोके. बाकी काही ऐकूच येईना. मी तणतणत गेले.

"भाऊ, तासभर बंद ठेवा की ते."

"वहिनी, परवाच एक मेंढी उचलली त्यानं. आता दिवसाबी फिरतोय उसात. न्हाई जमायचं." मग हळूच म्हणाले, "दादांचं कसं हाय?"

मी तिथंच रडले.

घरी येऊन संतापानं त्या रिंगेला हिसका दिला. क्लॅम्प निसटला, रिंग फिरली आणि ठोके एकदम बारीक झाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही रिंग कडेच्या दिशेनं ऐकते आणि गोलाच्या तोंडाच्या दिशेला बहिरी असते. मी नेमकी तिची कड मेंढ्यांकडे करून बसवली होती. तोंड तिकडे वळवलं. ठोके विरले आणि लांबून कुणीतरी मोर्समध्ये साद घालत असलेलं स्वच्छ ऐकू आलं.

ह्यांची मान वळली. खरंच वळली! डावा हात शाबूत होता, पण आजवर त्यांनी तो हलवला नव्हता. त्याखाली मी मोर्स वाजवायची चावी सरकवली. "बोला," म्हटलं. "बोला ना हो."

बोट हललं. अडखळत, पण अक्षर न अक्षर कळेल असं. क्यू, आर, टी. रेडिओवरून उठताना हॅमवाले हीच तीन अक्षरं पाठवतात: स्टेशन बंद करतो आहे. वाजवताना हे रेडिओकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

म्हणजे हे आत होते. इतके महिने सगळं कळत पडून होते. बोट पुन्हा तेच वाजवू लागलं. मी ते मुठीत धरलं आणि सोडलं नाही.