उंच गाडीवरची ताई

बालाघाटात माझं बाइकच्या सीटा शिवायचं दुकान आहे. एका सकाळी पन्नाशीची, अगदी बुटकी बाई एक भलीमोठी अ‍ॅडव्हेंचर बाइक ढकलत दारात आली. उकव्याच्या खाणीत नोकरीला आहे म्हणाली.

"सीट खाली करून द्या जी. पाय पुरत नाही, दोनदा पडली मी. आता घरचे म्हंते, गाडी इकून टाक."

मी कव्हर काढून फोम कापायला घेतला. प्रत्येक थर निघाला की ती टांग टाकून बसे, टाचा टेकतात का पाहे आणि शाळकरी पोरीसारखी हसे. "अजून थोडा!" शेवटी खालचं प्लास्टिक हाताला लागू लागलं, तरी तिचे चवडेच टेकत होते. मला वाईट वाटलं.

"ताई, आणखी कापला तं बसता नाही येणार. दोन्ही पाय काही टेकत नाही."

"दोन्ही काहून पाह्यजेत? थांबाले एक पुरते."

असं म्हणून ती डावीकडे किंचित सरकली आणि तिने डावा तळपाय पुरता रोवला. गाडी हललीसुद्धा नाही.

मी घाईघाईने कव्हर ताणून बसवलं. ती निघाली तसा मीही रस्त्यावर धावलो. पुढच्या वळणावर ट्रक आडवा आला. तिचा डावा पाय खाली आला, गाडी सरळ उभी राहिली. ट्रक गेल्यावर तिने मागे न बघता हात उंचावला आणि ती उकव्याकडे, बैहरच्या रस्त्याला लागली. मी भर रस्त्यात टाळ्या वाजवत होतो.