नऊ ग्रॅमची चिठ्ठी

अकरावीला मोल शिकवताना मी अजूनही मार्केट यार्डातल्या भाजीपासून सुरुवात करते. मेथीच्या शंभर जुड्या आणि कोथिंबिरीच्या शंभर जुड्या. आकडा तोच, वजन वेगळं. मोल हाही असाच एक ठरलेला आकडा. फक्त कण इतके बारीक आणि इतके अफाट, की मोजत बसायची सोय नाही, तोलूनच घ्यावे लागतात. मुलांना हे पटतं. मग मी त्यांना माझी फजिती सांगते.

हडपसरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी नवीन लागले होते, वर्षभराच्या बोलीवर. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी माझ्याकडे आली आणि मी हवेतच गेले. प्रयोगशाळेत द्रावणं करून ठेवणारे मामा तिथे जवळजवळ माझ्या वयाइतकी वर्षं होते. पहिल्याच दिवशी ते काहीतरी सुचवायला आले, तर मी फटकन म्हणाले, "मामा, तुम्ही फक्त वजन करा. हिशोब माझ्याकडे राहू द्या." ते "बरं" म्हणाले. आठवलं की अजून कान गरम होतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्यांना चिठ्ठी दिली. ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला एक दशांश मोल, म्हणजे नऊ ग्रॅम. एका मोलचं वजन नव्वद, त्याचा दहावा भाग; यात चुकण्यासारखं आहे काय? बिबवेवाडीला घरी येऊन मी निवांत जेवले.

सकाळी पाहते तर टेबलावर एकाऐवजी दोन बाटल्या. बाहेरून आलेले परीक्षक चहा घेत होते, मुलं दाराशी उभी होती.

"ही तुमच्या चिठ्ठीची, नऊ ग्रॅमची," मामा म्हणाले. "ही माझी, बारा पूर्णांक सहाची. पोरांना कंची देऊ?"

मी तडकणारच होते. त्यांनी ॲसिडचा मूळ डबा लेबल पुढे करून माझ्यासमोर धरला.

"यात पाणी हाय, मॅडम. तुमच्या चिठ्ठीत न्हाई."

लेबलावर स्पष्ट छापलं होतं. कोरड्या दिसणाऱ्या त्या पांढऱ्या खड्यांत दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. ते धरले की एका मोलचं वजन नव्वद नाही, एकशे सव्वीस होतं. माझी बाटली वापरली असती तर सगळ्यांची उत्तरं चुकली असती. मुलांचे गुण गेले असते, आणि बहुधा माझी नोकरीही.

"तुमची द्या," मी म्हणाले.

दुपारपर्यंत मुलांची उत्तरं एकापाठोपाठ एक बरोबर येत गेली. निघताना परीक्षकांनी तयारी चोख असल्याचं सांगून माझं कौतुक केलं. गप्प राहणं फार सोपं होतं.

"द्रावण मामांनी केलंय," मी म्हणाले. "माझा हिशोब चुकला होता."

परीक्षकांनी मान हलवली आणि सही केली. मला एकदम हलकं वाटलं. मामा नळाखाली काचनळ्या धूत होते, त्यांनी वरही पाहिलं नाही. सगळं आवरून झाल्यावर मात्र हात पुसत माझ्या टेबलाशी आले.

"उद्याच्या तुकडीची चिठ्ठी द्या, मॅडम," ते म्हणाले. "हिशोब तुमच्याकडंच हाय ना?"