ताडपत्रीवरची मोटरसायकल

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मामांपुढं सशाचं चित्र धरलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. सांगलीतला दवाखाना, बाहेर रिक्षांचा गोंगाट, आणि आत आयुष्यभर लष्कराच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस सशाकडं बघत बसलेला. "आजोबा, हे काय आहे?" बाई गोड आवाजात विचारत होत्या. मामांनी चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "व्हय."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या इस्लामपूरकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्ती. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मामांकडं तेवढा एकच शब्द उरला होता. उजवा हात लुळाच राहिला, पायात पुढं थोडी ताकद आली, काठी घेऊन चालायला लागले. पण बोलणं गेलं ते गेलंच. भूक लागली का? व्हय. दुखतंय का? व्हय. नको असलं तरी व्हय. कळायचं सगळं, सांगता काही यायचं नाही. माझे मालक लष्करात, लांब. रविवारी त्यांचा फोन आला की मामा उठून गोठ्याकडं निघून जायचे. पोराला नुसतं व्हय-व्हय काय ऐकवायचं, याची त्यांना लाज वाटायची. आत्ती फोन घेऊन त्यांच्या मागं जायच्या आणि तशाच परत यायच्या.

एसटीत बसल्यावर अख्खा रस्ता मी त्या सशाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरी उतरले, मामांना बाजेवर बसवलं आणि तडक गोठ्याच्या कडेला गेले. तिथं पोत्यांखाली मामांची जुनी मोटरसायकल पडून होती. दोन सायलेन्सरची, भरपूर धूर सोडणारी. किक मारली की तीच दांडी पुढं आडवी करायची आणि तिचाच गियर म्हणून वापर करायचा, असली ती विचित्र गाडी. मामा सुट्टीवर आले की आत्तींना तिच्यावरनं माहेरी फलटणला न्यायचे. आता उंदरांनी सीट खाल्ली होती आणि चाकं गंजून जाम झाली होती. मी ती ढकलत, घसटत, स्वतःशीच कुरकुरत सोप्यात आणली.

"आगं बया! घरात कशाला आनतीयास ते भंगार?" आत्ती कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"ससा नको यांना. यांची शाळा ही."

मी घरी शिवणकाम करते. मशीन बिघडलं तर कुणाकडं जात नाही, स्वतः खोलते आणि स्वतः बसवते. मोटरसायकल म्हणजे असून असून काय, जरा मोठं मशीनच, असं मला वाटलं. वाटलं तेवढं सोपं नव्हतं, हे पहिल्याच बोल्टनं दाखवून दिलं.

पहिल्या दिवशी कसाबसा प्लग निघाला. तो मामांच्या डाव्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "मामा, हे काय?" ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, आणि शेवटी आलं ते व्हयच. पण या वेळी त्यांनी तो उलटा करून बाजूला ठेवला नाही, पुसत बसले. चौथ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते तर सोप्यातनं हाक आल्यासारखं ऐकू आलं, "पलग!" मी पिठाच्या हातानं धावत गेले. मामा प्लग वर धरून बसले होते आणि त्यांच्या तोंडावर असा काही आनंद होता की मला तिथंच रडू फुटलं.

मग रोजचं ठरूनच गेलं. सकाळची कामं उरकली की मी पाने-पक्कड घेऊन बसायची, मामा काठीच्या टोकानं दाखवायचे, मी खोलायची. सुटा झालेला भाग ते डाव्या हातानं स्वतः ताडपत्रीवर मांडायचे. मला मांडू द्यायचे नाहीत. आधी निघालं ते डावीकडं, नंतर निघालं ते त्याच्या उजवीकडं, प्रत्येक नटाशेजारी त्याचाच वायसर. लष्करातली शिस्त. नावं सांगता येत नव्हती, म्हणून ती ओळच त्यांची वही झाली होती. सकाळी उठले की चहाच्या आधी ताडपत्रीपाशी उभे राहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायचे.

शब्दही येत गेले. पलग, पाना, चेन, पिष्टन. एकेकटे. दोन शब्द काही एकत्र येईनात. आणि आत्तींना तर त्यांनी एकदाही हाक मारली नव्हती. आत्ती आपल्या तांदूळ निवडत बसायच्या आणि तोंडानं चालू असायचं, "पान्याला हाक मारत्यात, चेनला मारत्यात. आमी काय लोखंडापरास वंगाळ हाय व्हय?" हसत म्हणायच्या, पण आतनं त्यांना लागलेलं होतं. चाळीस वर्षं ज्या आवाजानं घरात पाऊल टाकताच 'आगं' म्हटलं, तो आवाज पुन्हा ऐकायला मिळणार का नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कुणाला विचारणार?

कार्बोरेटर आणि क्लचप्लेटी पार गेल्या होत्या. नवीन मिळत नाहीत, म्हणून सांगलीला जुन्या गाड्या फोडून पार्ट विकणाऱ्याकडं गेले. पिशवीत जुने भाग नमुन्याला घेतले होते. दुकानदार बघून म्हणाला, "ताई, घरातल्या माणसाला पाठवा."

"माणूस बर्फात उभा आहे. पत्र टाकू का त्याला?"

तो ओशाळला. मग त्यानं स्वतः तीन पोती उपडी केली आणि आम्ही दोघांनी मिळून कार्बोरेटर आणि प्लेटी शोधल्या. वर चहा पाजला. मी त्याला मनापासून माफ केलं.

दुपार कलताना घरी पोचले आणि अंगणातच थबकले. घट बसायला दोन दिवस होते, आणि आमच्याकडं त्याच्या आधी घराचा दसरा काढतात. म्हणजे घरातली वाकळ, चादर, डबा, पाट, झाडून सगळं धुवून काढायचं. दोरीवर वाकळा टपकत होत्या. त्यांच्या शेवटी धुतलेली ताडपत्री. आणि तुळशीच्या कट्ट्यावर दोन सुपं, त्यांत मोटरसायकल. राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासून चकचकीत केलेली. मोठे भाग एका सुपात, बारके दुसऱ्यात, नट सगळे एका वाटीत. आत्तींनी डाळ-तांदूळ लावून ठेवावेत तशी मापानं लावली होती.

"कशी लखलखायला लागली बघ!" आत्ती म्हणाल्या. हात राखेनं काळे, पण तोंड कौतुकानं फुललेलं.

मी तापट आहे, हे सगळा गाव जाणतो. पण सासूला कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आत्ती, काय केलंत हे? ती ओळ होती त्यांची! महिनाभर बसून मांडली होती! बेअरिंगला पाणी लावलंत, आता गंजतील ती!" आणखीही बोलले. आत्तींचं तोंड उतरत गेलं तरी मला थांबता येईना. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

ओरडा ऐकून दुपारचे झोपलेले मामा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी दोरीवरची ताडपत्री बघितली. सुपं बघितली. वाटीत बोट घालून नट फिरवले. त्यांनी काठी जमिनीवर आपटली, आणि मला वाटलं, आता पडतात.

"आगं, कुनी सांगितलं हुतं तुला ह्यात हात घालायला? कवा अक्कल येनार हाय तुला?"

जुना आवाज. खणखणीत, न अडखळता. मामा स्वतःच दचकून आमच्याकडं बघायला लागले. आत्ती दोन पावलं पुढं गेल्या, राखेचे हात तसेच धरून, आणि म्हणाल्या, "आवं, परत बोला की. आनखी शिव्या द्या मला."

मामांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले. कितीतरी वेळ धडपडले, आणि म्हणाले, "व्हय."

सांगलीच्या बाईंना मी फोन लावला. त्यांनी नीट समजावून सांगितलं. रागाच्या भरात शब्द आपसूक बाहेर पडतात, त्यावर भुलू नका. शांत असताना, मनात ठरवून एखादं वाक्य बोलले की समजा वाट सापडली. सशावरचा माझा राग त्या दिवशी गेला. बाईंचं म्हणणं मी आत्तींना सांगितलं. त्यांनी त्यातलं आपल्याला हवं तेवढंच घेतलं: रागावले की बोलतात.

झालं! मी बेअरिंगं तेलात बुडवून वाचवली, मामांनी पुन्हा ताडपत्री मांडायला घेतली, आणि आत्ती रोज त्यात मुद्दाम खोडी करायला लागल्या. एक नट इकडचा तिकडं. वायसर उचलून चुलीपाशी. मामांचा पारा चढायचा, "ठेव तितं!" किंवा "आगं ए भवाने!" आणि आत्ती तोंडाला पदर लावून आत पळायच्या. मी म्हणायचे, "आत्ती, या चालीनं गाडी पुढच्या दसऱ्याला उभी राहील." खंडेनवमीला खरंच सुट्या भागांचीच पूजा झाली, आत्तींनी पिस्टनपासून वाटीतल्या नटापर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि ते पुसता पुसता माझे दोन दिवस गेले. मामा एकेक भाग डाव्या हातात फिरवत, आठवत, चुकत, पुन्हा काढत बसवत होते.

दिवाळीच्या तोंडावर गाडी उभी राहिली. किक मी मारली, कितीदा ते विचारू नका, पिंडऱ्या आठवडाभर दुखत होत्या. एकदाची गाडी फटफटली, सोपा धुरानं भरला, कोंबड्या ओरडत रस्त्यावर गेल्या. मामांनी मान कलती करून आवाज ऐकला, कार्बोरेटरचा स्क्रू पाऊण आटा फिरवला, आणि इंजिन लयीत आलं. आम्ही खोकत खोकत हसत होतो. आत्ती मात्र उंबऱ्यावर तोंड पाडून बसल्या होत्या. गाडीचं सगळं जागच्या जागी बसलं होतं, ढवळायला त्यांच्या हाताला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. मामा चहा पिऊन सोप्यात आले. गाडीच्या टाकीचं झाकण गायब होतं. शेजारी आत्ती उभ्या, मूठ पदराखाली, नजर भिंतीकडं. लहान पोरीला समजलं असतं, इतकं ते सोंग उघडं होतं. मी पाय थांबवला आणि मामांच्या आरड्याची वाट बघायला लागले.

मामांनी काठी सीटला टेकवून ठेवली. आत्तींचा हात पदराखालनं बाहेर काढला, एकेक बोट उलगडलं, झाकण घेतलं आणि टाकीवर बसवलं. आणि आत्तींचा हात परत धरला. मग एकेक शब्द शोधून, प्रत्येकाला वेळ देत म्हणाले, "आता... राग... न्हाई... येत... तुजा."

आत्तींनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांच्यापेक्षाही हळू आवाजात त्या म्हणाल्या, "नसंना का आवं. राग नसला तरी बोलत ऱ्हावा."